वर्ग इंग्रजीत, गल्ली जपानीत

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. त्या स्वतः हायस्कूलमध्ये शिक्षिका, यजमानांचं खते-बियाण्यांचं दुकान. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ९४ टक्के. घरात सगळ्यांनी इंजिनीअरिंग धरून चाललेलं. ऐन दिवाळीत मुलीने जाहीर केलं की तिला टोकियोला जाऊन ‘लिबरल आर्ट्स’ करायचं आहे, संपूर्ण इंग्रजीत. वडील म्हणाले, “आर्ट्सच करायचं तर जपानला कशाला? इथलं कॉलेज काय ओस पडलंय?” मुलगी म्हणते, इंग्रजीत शिकवतात, त्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही. घरच्यांच्या मते हे सगळं जपानी कार्टूनचं, अ‍ॅनिमेचं खूळ. महिनाभर बापलेक एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलताहेत. आई विचारतात, “मिरज रस्त्यावरचा प्लॉट तिच्या शिक्षणासाठीच ठेवला आहे. तो विकून पाठवावं, की वेळीच अडवावं? पदवी घेऊन आली आणि हातात काहीच नसलं तर?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुमच्या घरात भांडण एक नाही, तीन आहेत. यजमान ‘आर्ट्स’ या शब्दाशी भांडताहेत, मुलगी जपानसाठी भांडतेय, आणि तुम्ही त्या प्लॉटशी. म्हणून एकाचं उत्तर दुसऱ्याला पटत नाही.

आधी तो शब्द. ‘लिबरल आर्ट्स’चं मराठी करायला गेलं की ‘उदारमतवादी कला’ असलं काहीतरी हाती लागतं, म्हणून लोक निम्मा शब्द खाऊन नुसतं ‘आर्ट्स’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. आपल्याकडे आर्ट्स म्हणजे सायन्स-कॉमर्स भरल्यावर उरलेली रांग. जपानीत याला ‘क्योयो’ म्हणतात, आणि त्याच्या सगळ्यात जवळचा आपला शब्द मला ‘बहुश्रुतपणा’ वाटतो. युद्धानंतर अमेरिकनांच्या देखरेखीखाली जपानी विद्यापीठांची घडी नव्याने बसली, तेव्हा विशेष विषयाच्या आधी प्रत्येकाने हे बहुविध शिक्षण घ्यावं असं ठरलं. १९९१ मध्ये नियम सैल झाले आणि बऱ्याच विद्यापीठांनी ती खाती गुंडाळली. टोकियो विद्यापीठाने मात्र टिकवली: तिथे इंजिनीअर होणारा मुलगासुद्धा पहिली दोन वर्षं कोमाबाच्या आवारात हेच शिकतो.

माझं आवडतं उदाहरण मिताकाचं. टोकियोच्या पश्चिमेला, चेरीच्या झाडांच्या लांबलचक रस्त्याच्या टोकाला इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे. तिची मुख्य इमारत युद्धकाळात नाकाजिमा या लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीची संशोधन संस्था होती. १९५३ पासून तिथे वर्ग भरतात, आणि प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला बांधील राहीन अशी सही करतो. तिथे तिसाहून जास्त विषय आहेत. त्यांतला कोणता मुख्य, हे दुसरं वर्ष संपताना ठरवायचं. त्यांत गणित आहे, भौतिकशास्त्रही आहे. यजमानांना एवढं जरूर सांगा. मुलगी सायन्स ‘सोडून’ देतेय असं असेलच असं नाही. ती ठरवायला दोन वर्षं मागतेय. सतराव्या वर्षी आपल्याला सगळं ठरलेलं हवं असतं, म्हणून ही मागणी उधळपट्टीसारखी वाटते.

आता मुलीकडे वळते. यजमानांपेक्षा तिचंच म्हणणं मला जास्त खटकलं: “इंग्रजीत शिकवतात, त्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही.”

वर्गापुरतं ते खरं आहे. सोफिया विद्यापीठाचा इंग्रजी विभाग थेट १९४९ पासूनचा आहे. आज तो ‘फॅकल्टी ऑफ लिबरल आर्ट्स’ या नावाने टोकियोतल्या योत्सुयाच्या आवारात चालतो. टोकियोच्याच वासेदा विद्यापीठाने आपली इंग्रजी शाखा २००४ मध्ये काढली. त्याच वर्षी उत्तरेकडच्या अकितामध्ये सगळंच इंग्रजीत शिकवणारं सार्वजनिक विद्यापीठ सुरू झालं. मग सरकारही पुढे आलं: विद्यापीठं आंतरराष्ट्रीय व्हावीत म्हणून आखलेल्या २००९ च्या योजनेत १३ विद्यापीठं निवडली, २०१४ च्या योजनेत ३७. यामागे जगाशी जोडून घेण्याची हौस आहे, तशी निकडही आहे. १९९२ मध्ये जपानमध्ये अठरा वर्षांची मुलं वीस लाखांवर होती, आता ती अकरा लाखांच्या आसपास उरली आहेत. तुमच्या मुलीला बोलावणारं ते रंगीत माहितीपत्रक गरजेपोटीही छापलेलं आहे, हे तिला कळलेलं बरं. त्यात वाईट काही नाही. गरज असणाऱ्याशी घासाघीस करता येते, तेवढं खरं.

पण वर्गाबाहेर? नागासाकीच्या बंदरात डेजिमा नावाचं एक कृत्रिम बेट होतं. जपानने दारं बंद केली होती त्या काळात डच व्यापाऱ्यांना तेवढ्याच पंख्याच्या आकाराच्या तुकड्यावर राहायची मुभा होती. एक छोटा पूल आणि त्यावर पहारा. दोनशे वर्षं ते जपानमध्ये राहिले, आणि राहिले नाहीतही. इंग्रजीतल्या या अभ्यासक्रमांबद्दल बोलताना जपानी प्राध्यापक स्वतःच ‘डेजिमा’ हा शब्द वापरतात. मुलं इंग्रजी वर्गात बसतात, इंग्रजी बोलणाऱ्यांबरोबर जेवतात, इंग्रजीतच चार वर्षं संपवतात. आणि विसाव्या वाढदिवसाच्या सुमारास राष्ट्रीय पेन्शनचे हप्ते भरायला सांगणारं पाकीट घरी येतं, तेव्हा ते उघडून नुसतं बघत बसतात. (विद्यार्थ्यांना ते पैसे पुढे ढकलता येतात, पण तसा अर्ज करावा लागतो.)

मी पुण्यात वीसेक वर्षं जपानी शिकवलं. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे चाकण-रांजणगावच्या कंपन्यांमुळे यायचे आणि निम्मे अ‍ॅनिमेमुळे, त्यामुळे त्या ‘खुळा’ला मी हसणार नाही. त्यातूनच उत्तम दुभाषे निघालेले पाहिलेत. फक्त अ‍ॅनिमेवाल्यांची एक ठरलेली जागा असते, साधारण तीनशेव्या कांजीपाशी, म्हणजे चिनी धाटणीच्या चित्राक्षरापाशी. तिथे गाडी थांबते. त्यापुढे आवड पुरत नाही, रोजचा अर्धा तास लागतो.

त्यांतलीच कोल्हापूरची एक मुलगी टोकियोत असाच अभ्यासक्रम करायला गेली. माझ्याकडे तिने सुरुवातीच्या दोन पातळ्या केल्या होत्या. तिथे पोचल्यावर “वर्गात लागतच नाही” म्हणून जपानी सोडलं. अभ्यासात पहिल्या पाचात. तिसऱ्या वर्षी ‘झेमी’त, म्हणजे एका प्राध्यापकाभोवती दहा-बारा मुलांचा गट असतो त्यात, तिने स्थलांतरित मजुरांवर सुंदर काम केलं. मग आलं ‘शूकात्सु’, नोकरी शोधण्याचा हंगाम. जपानमध्ये मुलं पदवीच्या वर्षभर आधीपासून, सगळी एकाच काळ्या सुटात, केस मागे बांधून कंपन्यांच्या दारात उभी राहतात. तिने सूट घेतला. मुलाखतीत पहिला प्रश्न हमखास ‘गाकुचिका’चा असतो: विद्यार्थी असताना सगळ्यात जास्त जीव कशात ओतलास? उत्तर तिने इंग्रजीत लिहून, मैत्रिणीकडून जपानीत करून, रात्रभर पाठ केलं होतं. अस्खलित म्हणून दाखवलं. समोरचे गृहस्थ हसले आणि त्यांनी त्यातलंच काहीतरी पुढे विचारलं. तिला प्रश्नातला शेवटचा शब्द कळला. “हाइ,” ‘हो’ अशा अर्थी ती म्हणाली. त्यांनी जरा हळू, पुन्हा विचारलं. “हाइ.” तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, मान लववून आभार मानले.

त्या रात्री तिने मला फोन केला, तेव्हा ती स्टेशनच्या जिन्यात बूट काढून बसली होती. नवे बूट चावत होते. “मॅडम, माझ्या उत्तरात काहीच चुकलं नव्हतं हो,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुढचं सांगते, नाहीतर यजमान एवढंच कापून फ्रिजवर लावतील. तिने पुढचं वर्षभर फक्त जपानी केलं. पदवीनंतर नोकरी शोधायला काही महिन्यांचा व्हिसा मिळतो, तो वाढवूनही घेतला. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी (एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड) पास झाली आणि योकोहामात मालवाहतुकीच्या एका कंपनीत लागली. इथे तुमच्या मूळ भीतीला धक्का देणारी गोष्ट आहे. तिथे मोठ्या कंपन्या नवपदवीधर घेताना विषय फारसा बघत नाहीत. साहित्य शिकलेला मुलगा बँकेत जातो, समाजशास्त्रवाली सॉफ्टवेअर कंपनीत जाते; काम शिकवायचं कंपनी बघून घेते. इंजिनीअर आणि संशोधक सोडले तर ‘आर्ट्स केलं म्हणून हातात काही नाही’ ही आपली म्हण तिथे बरीचशी लागू पडत नाही. हात रिकामा राहतो तो भाषेमुळे. परदेशी कंपन्या आणि काही नव्या कंपन्या इंग्रजीवर घेतात, पण ती दारं थोडी आणि तिथे गर्दी जगभरची.

तेव्हा मुलीला इतकंच विचारा: तुला जपानमध्ये शिकायचंय की जपान शिकायचंय? नुसतं इंग्रजीतलं बहुविध शिक्षण हवं असेल, तर ते पुण्यात लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठात आहे, हरियाणात सोनीपतच्या अशोका विद्यापीठात आहे. स्वस्त तेही नाही, पण लवळ्याहून रविवारी घरी येता येतं.

पैशांचं बोलू. खासगी विद्यापीठांची फी वर्षाला साधारण १२ ते १७ लाख येन. टोकियोत काटकसरीने राहिलं तरी महिना लाखभर येन धरा. येनचे हल्ली निम्म्याहून थोडे जास्त रुपये होतात, म्हणजे सगळं मिळून वर्षाला पंधरा-सोळा लाख रुपये, चार वर्षांचे साठाच्या वर. प्लॉटचा भाव तुम्हाला ठाऊक. पण टोकियो म्हणजे जपान नव्हे, आणि मुलीने टोकियोच का धरलंय हेही विचारा. (अ‍ॅनिमेतली शाळा बहुधा टोकियोत असते, हे कारण असू शकतं!) राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन, टोकियो विद्यापीठासारख्या काहींनी ती अलीकडे वाढवली आहे. ओकायामाच्या राष्ट्रीय विद्यापीठात २०१७ पासून इंग्रजीवर आधारलेला, विषयांची सरमिसळ करू देणारा अभ्यासक्रम आहे. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग पाहिली असेल तुम्ही; ती ज्या कोराकुएन बागेवरून बेतली आहे ती याच गावात. अकिताचीही फी खासगी विद्यापीठांपेक्षा कमी आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना वसतिगृहात राहावं लागतं, एक वर्ष तिसऱ्याच देशात शिकायला जावं लागतं, आणि देवदाराच्या खांबांचं ते सुंदर ग्रंथालय वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडं असतं. बाहेर बर्फ इतका की दुसरं करण्यासारखं काही नसतंच. बेप्पूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातलं रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठ २००० मध्ये सुरू झालं. तिथे जवळपास निम्मी मुलं परदेशी, आणि अर्ज करतानाच फीमध्ये मोठी सवलत मागता येते, कधी पूर्णसुद्धा.

जपान सरकारची पदवीसाठीची शिष्यवृत्तीही आहे. वकिलातीमार्फत परीक्षा होते, फी माफ, महिना १,१७,००० येन. पण त्यात पहिलं वर्ष जपानी शिकायचं आणि मग साधारणपणे जपानीतच पदवी करायची. स्पर्धा तीव्र असते. तरीही मुलीने ती परीक्षा द्यावी असं मला वाटतं. नाही मिळाली तर निदान आपण किती पाण्यात आहोत ते कळेल.

“पार्टटाइम करून खर्च काढेन” असं ती म्हणत असेल. म्हणतातच सगळी. परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, लांब सुट्टीत जास्त. पण जपानी नसेल तर ते काम म्हणजे गोदामात रात्रपाळीला खोकी लावणं. जपानी असेल तर किराणा-स्टोअरचा गल्ला, नाहीतर हॉटेल. दोन्हीत जेवणाखाण्याचं निघतं, फी निघत नाही. फीचा हिशेब त्या पैशांवर मांडूच नका.

आता तुम्ही काय करायचं. तुमचं पत्र ‘पाठवावं की अडवावं’ असं विचारतं. मुलगी अकरावीत आहे, तेव्हा आज यातलं काहीच करायची गरज नाही. सप्टेंबरच्या प्रवेशासाठीचे अर्ज आदल्या हिवाळ्यापासून सुरू होतात, म्हणजे तुमच्याकडे चांगलं वर्षभर आहे. ते वर्ष तिच्या हाती द्या.

एका रविवारी दुकान बंद असताना तिघं एका लॅपटॉपपुढे बसा. या विद्यापीठांच्या विषयांच्या याद्या सगळ्यांना बघायला खुल्या असतात, आणि त्यांत कोणता तास कोणत्या भाषेत होतो तेही दिलेलं असतं. जाहिरातीतलं वाक्य बाजूला ठेवून मुलीने वहीत चार वर्षांचं स्वतःचं वेळापत्रक मांडावं: पहिल्या सहामाहीत काय, तिसऱ्या वर्षी कोणाची झेमी. पदवीला किमान १२४ श्रेयांक लागतात, तेवढे इंग्रजीत खरोखर भरतात का? मिताकाला भौतिकशास्त्र आहे, पण त्यातलं इंग्रजीत किती? आणि यादीत तिला झोप उडवणारे विषय किती सापडतात? हे मी माझ्याकडच्या बऱ्याच मुलांना करायला लावलं. काहींचं वेड त्या वहीतच संपलं. काहींचं पक्कं झालं. यजमानांना विषय वाचायला लावा, मत विचारू नका. “अन्नधान्याचा इतिहास” किंवा “विकासाचं अर्थशास्त्र” असलं काही दिसलं की बियाणं विकणारा माणूस आपणहून बोलायला लागेल.

दुसरं, जपानी आजपासून. पुण्यात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची ती परीक्षा असते. बारावीचा अभ्यास सांभाळून एन-५ आणि जमलं तर एन-४, एवढं तिने करून दाखवावं. ऑनलाइन शिकवण्या आहेत, सांगलीत बसून होतं. ही तिची परीक्षा आहे, तशी तुमचीही खातरजमा. बारावीच्या वर्षात जी मुलगी रोज पंधरा कांजी गिरवते तिला खूळ लागलंय असं कोणी म्हणू शकत नाही. आणि अर्ध्यात सोडलं, तर प्लॉट वाचला.

तिसरं कागदांचं, ते पटकन सांगते. काही ठिकाणी एसएटी ही अमेरिकन प्रवेशपरीक्षा लागते, बहुतेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षा. महाराष्ट्र बोर्डाचे गुण कसे धरतात हे विद्यापीठाला ईमेल करून विचारावं लागतं, कारण प्रत्येकाचं वेगळं. तो ईमेल मुलीने लिहायचा. तुम्ही नाही आणि एजंटने तर मुळीच नाही. हे अभ्यासक्रम थेट अर्ज घेतात. मध्ये कोणी लाखभर मागितले तर चहा पाजा आणि निरोप द्या.

एक वाट तुमच्या पत्रात नव्हती, तीही मोजा. पुण्यात तीन-चार वर्षं आवडीची पदवी, सोबत एन-२ पर्यंत जपानी, आणि मग पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्या त्या पायरीवर जास्त रुळलेल्या आहेत. प्लॉट जागेवर राहतो आणि मुलगी बाविसाव्या वर्षी भाषा घेऊन उतरते. तिला हे आज आवडणार नाही. सतराव्या वर्षी चार वर्षं म्हणजे जन्म असतो.

आणि ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही “हातात काहीच नसलं तर” लिहिलंय, त्याच्या आधी एक ओळ खोडलेली आहे. कागद उजेडात धरला तर वाचता येते: “परत नाहीच आली तर?” तुम्ही खोडलीत, म्हणून मी उत्तर देत नाही. पण ती मुलीला दाखवा. प्लॉटच्या आडून बोलण्यापेक्षा ते बरं. तिला वाटतंय तुम्हाला तिच्या अकलेवर भरवसा नाही, आणि तुमचं म्हणणं तर वेगळंच आहे.

जूनमध्ये काय झालं ते कळवा. पत्र मात्र तिला लिहू दे. नुसतं हिरागानात, जपानीच्या पहिल्या सोप्या लिपीत लिहिलं तरी चालेल, चुका लाल शाईने काढून परत पाठवेन.